चालणारे दगड

मंडळी, विचित्र जागा म्हटलं की तुम्हाला ज्वालामुखी, धबधबे आठवतात. मी आज तुम्हाला एका सपाट, रिकाम्या जागी नेतो. कॅलिफोर्नियात, डेथ व्हॅलीत रेसट्रॅक प्लाया नावाचं कोरडं तळं आहे, साधारण साडेचार किलोमीटर लांब. आपल्याकडे मे महिन्यात आटलेल्या तळ्याचा तळ कसा भेगाळतो, खपल्या धरतो, तसाच तिथला तळ. त्यावर दगड पडलेत आणि प्रत्येकामागे लांबलचक चर, कुणीतरी ओढत नेल्यासारखा. काही चर तर मध्येच काटकोनात वळलेले. आजूबाजूला ना पाऊलखूण, ना चाकाची रेघ. काही दगड मुठीएवढे, तर एकाचं वजन 300 किलोच्या घरात.

1948 मध्ये या चरांबद्दलचा अहवाल छापून आला आणि तर्कांना ऊत आला. वादळ, वावटळ, बर्फ... भुताटकी आपण सोडून देऊ. पुढे शार्प आणि कॅरी या भूशास्त्रज्ञांनी 30 दगडांवर सात वर्षं पाळत ठेवली. दगडांना नावंसुद्धा दिली! दोन दगडांभोवती त्यांनी वर्तुळात खुंट्या ठोकल्या. बर्फाची लादी दगड ढकलत असेल तर ती खुंट्यांना अडेल, असा हिशेब. हिवाळ्यात एक दगड खुंट्यांमधून निसटला, दुसरा तिथंच. म्हणजे बर्फाची गरज नाही, असं त्यांना वाटलं. प्रयोग झकास, पण चकवा देणारा.

राल्फ लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने तर बर्फ दगड कसा हलवू शकेल, हे घरीच करून पाहिलं. डब्यात दगड, पाणी ओतून फ्रीझरमध्ये. मग तो बर्फ उलटा करून वाळू पसरलेल्या ट्रेमधल्या पाण्यात सोडला आणि हळूच फुंकर मारली. बर्फ तरंगत निघाला, खालच्या दगडाने वाळूत रेघ ओढली.

2011 च्या हिवाळ्यात रिचर्ड आणि जेम्स नॉरिस या चुलतभावांनी जीपीएस बसवलेले 15 दगड तिथं नेऊन ठेवले. तिथल्या दगडांना भोक पाडायला परवानगी नव्हती, म्हणून बाहेरून आणलेले. आता वर्षानुवर्षं वाट बघायची, अशी मनाची तयारी. पण 20 डिसेंबर 2013 ला ते तिथं असतानाच तळ्यात जेमतेम वीतभरही नाही एवढं पाणी, वर खिडकीच्या काचेसारखा 3 ते 6 मिलिमीटरचा बर्फ. ऊन चढलं, बर्फ तडकू लागला, झुळूक सुटली आणि बर्फाच्या रुंद लाद्या ओल्या चिखलावरून दगड ढकलत निघाल्या. त्या दिवशी 60 हून जास्त दगड हलले. लॉरेन्झचा बर्फ दगड उचलून धरत होता. इथं तो नुसता मागून रेटत होता, एवढाच फरक.

वेग किती? मिनिटाला दोन ते पाच मीटर. लांबून बघणाऱ्याला काही हलतंय हे कळतच नाही, कारण शेजारचे दगडही त्याच चालीने निघालेले असतात.