कोळशाचा विस्तव

आधी एक तक्रार करून घेतो, मग विषयाकडे येतो. आपल्याकडे उपवासकाळ, म्हंजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, कसा कडक पाळतात बघा, शुक्रवारी मटण-चिकन बंद, क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये उभं राहायला जागा नाही, काही जण तर चाळीस दिवस बाटलीला शिवत नाहीत. आणि ईस्टरची मिस्सा झाली की संपलं, सोमवारपासून सगळे लग्नांच्या गडबडीत. अहो पण पास्काकाळ, म्हंजे ईस्टरचा आनंदाचा काळ, 50 दिवसांचा आहे, पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत! आणि त्या दिवसांतली शुभवर्तमानं ऐकलीत तर एक गोष्ट लक्षात येईल, पुनरुत्थित प्रभू सारखा खाण्यापिण्यापाशी दिसतो. अम्माऊसला भाकर मोडतो तेव्हा ते दोघे त्याला ओळखतात, यरुशलेममध्ये शिष्य भूत समजून घाबरतात तर हा विचारतो काही खायला आहे का, आणि भाजलेला मासा त्यांच्यासमोर खातो. आणि तिसरी जागा म्हंजे योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय, आज मला तिथेच बसायचंय.

प्रसंग तुम्हाला माहीत आहे. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला चाललो. बाकीचे सहा म्हणतात, चल, आम्हीपण येतो. हे वाक्य मला फार खरं वाटतं, कारण मन सैरभैर झालं की माणूस हाताला माहीत असलेलं काम करायला जातो, आमच्या वसईच्या पाचूबंदरातही घरात काही वाईट झालं की चार दिवसांनी माणूस परत बोटीवर दिसतो. पेत्र म्हंजे त्यांचा तांडेल, होडीचा म्होरक्या. हे घडतं तो तिबिर्याचा समुद्र नावालाच समुद्र बरं का, गोड्या पाण्याचं तळं आहे ते, साधारण 21 किलोमीटर लांब. 1986 साली पाणी आटलं तेव्हा तिथल्या चिखलात साधारण त्या काळातली एक लाकडी होडी सापडली, आठ मीटरपेक्षा थोडी जास्त लांब. सात जण आणि भिजलेलं जाळं त्यात घाला, म्हंजे रात्रभर एकमेकांची तोंडं बघत बसण्यापलीकडे काही नाही, आणि म्हावरं शून्य.

पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभा असतो आणि ओरडतो, मुलांनो, काही मिळालं का? नाही. मग उजवीकडे टाका. टाकतात, आणि जाळं ओढवेना. पुढे 153 मासे. ह्या 153 वर विद्वानांनी काय काय लिहिलंय! संत ऑगस्टीन म्हणतात एक ते सतरा आकड्यांची बेरीज 153 येते, संत जेरोम म्हणतात माशांच्या जातीच 153. असेल बाबा. पण माझं मत विचाराल तर त्यांनी मोजले कारण सात जणांत वाटे पाडायचे होते. जो मासळीवर पोट भरतो तो मोजणारच.

आता मूळ मुद्दा. किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांना काय दिसतं? कोळशाचा विस्तव, त्यावर मासा, आणि भाकर. योहान नुसता विस्तव म्हणत नाही, कोळशाचा म्हणतो, आणि त्याने वापरलेला ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त दोनच ठिकाणी येतो. एक इथे. दुसरं ठिकाण अठराव्या अध्यायात, प्रमुख याजकाचं अंगण, प्रभूला पकडून नेलं ती थंडीची रात्र, नोकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलाय आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून हात शेकतोय आणि म्हणतोय, मी नाही त्याच्यातला. तीन वेळा. मग कोंबडा आरवतो.

म्हंजे विचार करा, ओल्या कपड्यात पेत्र किनाऱ्यावर येतो, पुन्हा पहाट, पुन्हा तोच कोळशाचा वास. वासाची आठवण फार वाईट असते हो. प्रभू एका शब्दाने त्या रात्रीचा विषय काढत नाही, तू असं का केलंस, मी तुला आधीच सांगितलं होतं ना, काही नाही. म्हणतो, आत्ता धरलेल्यातले थोडे मासे आणा, आणि, या, न्याहारी करा. आपण काय केलं असतं? आपल्याकडे भाऊ-भाऊ जमिनीच्या तुकड्यावरून वीस-वीस वर्षं एकमेकांच्या ताटावर बसत नाहीत, आधी माफी मग जेवण. इथे जेवण आधी.

आणि पोट भरल्यावर प्रश्न, शिमोन, योहानाच्या पुत्रा (हा योहान म्हंजे पेत्राचा बाप), माझ्यावर प्रेम आहे का तुझं? पेत्र हे नाव त्यानेच दिलेलं, खडक म्हणून, पण इथे घरचं जुनं नाव. तीन वेळा प्रश्न, दर उत्तराला प्रभू म्हणतो माझी कोकरं चार, माझी मेंढरं राख, तिसऱ्यांदा पेत्र दुखावतो, आणि दुखावणारच, तीनचा आकडा त्यालाही कळतो. प्रेमासाठी तिथे दोन वेगवेगळे ग्रीक शब्द आहेत त्यावर प्रवचनात खूप ताणतात, मला त्यात एवढा रस नाही, योहानाला शब्द बदलायची सवयच आहे, तिथेच कोकरं आणि मेंढरंही बदललीत.

2025 सालचा योगायोग मात्र मी विसरणार नाही. पोप फ्रान्सिस ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गेले, 21 एप्रिलला. 4 मेच्या रविवारी सगळ्या जगात हेच शुभवर्तमान वाचलं गेलं, माझी मेंढरं राख, आणि पेत्राची खुर्ची, म्हंजे पोपची जागा, रिकामी. नवे पोप लिओ चार दिवसांनी निवडले गेले. वाचनं कोणी मुद्दाम लावली नव्हती, ती तीन वर्षांच्या चक्रात ठरलेलीच असतात.

रविवारचं वाचन "माझ्यामागे ये" इथे थांबतं. पुढचा तुकडा पेन्टेकॉस्टच्या आदल्या दिवशी सकाळच्या मिस्सेला येतो, तेव्हा चर्चमध्ये पंधरा-वीस माणसं असतात म्हणून तो बऱ्याच जणांनी ऐकलेलाच नाही. इतकं सगळं झाल्यावर, माफी मिळाली, काम मिळालं, पेत्र चालता चालता मागे वळतो, तो दुसरा लाडका शिष्य येताना दिसतो, आणि लगेच विचारतो, प्रभू, ह्याचं काय? आणि प्रभू म्हणतो, तुला काय करायचंय त्याचं, तू माझ्यामागे ये.