नदीपलीकडचं घर

नमस्कार श्रोतेहो.

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांना तलवारी, राक्षस आणि जादूच आठवते. आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे, त्या मालिकेत यातलं काहीच नाही. टोकियोत एकटा राहणारा सतरा वर्षांचा मुलगा आहे, तो शोगी हे जपानी बुद्धिबळ खेळून पोट भरतो आणि नदीपलीकडच्या एका घरी जेवायला जातो. मालिकेचं नाव ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’. माझी सर्वांत आवडती मालिका कोणती, असं कुणीही विचारलं तरी मी हेच नाव घेते.

चिका उमिनो यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००७ मध्ये सुरू झाली. शाफ्ट स्टुडिओनं आकियुकी शिन्बो यांच्या दिग्दर्शनाखाली तिची मालिका केली. एनएचके या जपानी वाहिनीवर २०१६ ते २०१८ या काळात, दोन पर्वांत, ४४ भाग दाखवले गेले.

शोगीचा पट ९ बाय ९ घरांचा. मारलेली सोंगटी बाद होत नाही. मारणारा ती आपल्या बाजूनं पुन्हा पटावर उतरवू शकतो. नियम कळले नाहीत तरी काही अडत नाही, पण शोगीचा भाग कच्चा राहू नये म्हणून मानाबु सेन्झाकी या ९ दान, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या व्यावसायिक खेळाडूची देखरेख होती. गोष्टीचा नायक रेइ हा माध्यमिक शाळेत असतानाच व्यावसायिक झालेला इतिहासातला पाचवा खेळाडू. प्रत्यक्षात तोवर असे चौघेच होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये मालिका सुरू झाली आणि त्याच महिन्यात सोता फुजिई हा चौदा वर्षांचा मुलगा खरोखरच पाचवा ठरला!

रेइचे आईवडील आणि धाकटी बहीण अपघातात गेले. अंत्यविधीच्या वेळी वडिलांचे मित्र, स्वतः व्यावसायिक खेळाडू असलेले कोदा, त्याला विचारतात, “तुला शोगी आवडते का?” तो “हो” म्हणतो. ते खोटं असतं. पण डोक्यावर छप्पर हवं तर दुसरं उत्तर देऊन चालणार नाही, हे त्या पोराला कळतं. पुढे तो कोदांच्या पोटच्या मुलांनाही हरवू लागतो, घरात कडवटपणा येतो आणि शेवटी तो स्वतःहून बाहेर पडतो. पहिल्या भागात त्याची खोली नीट बघा. सामान जवळजवळ नाही, खिडकीला पडदा नाही, खाली नदी.

नदीपलीकडे कावामोतोंचं घर. अकारी, हिना, मोमो या तिघी बहिणी, मिठाईचं दुकान चालवणारे आजोबा आणि सदा भुकेल्या मांजरी. या वस्तीवर टोकियोतल्या सुमिदा नदीकाठच्या त्सुकिशिमा-त्सुकुदा भागाची छाप आहे. तिघींची आईही गेलेली आहे. त्या रेइची समजूत घालत बसत नाहीत, त्याला जेवायला वाढतात. आज करी केली आहे, ये. एवढंच.

मला ही मालिका जवळची वाटते ती मात्र दुसऱ्या पर्वामुळे. हिनाच्या वर्गात चिहो नावाच्या मैत्रिणीचा छळ होतो. हिना तिची बाजू घेते. चिहो शाळा सोडून जाते आणि सगळा वर्ग हिनावर उलटतो. त्या दिवशी हिना हुंदके देत ओरडते की मी घाबरले आहे, पण मी केलं ते चुकीचं नाही. आजोबा तिला शाबासकी देतात. आईच्या जागी असलेली अकारी मात्र हादरते, कारण तिच्या मनात आधी आलेलं असतं, ‘तूच कशाला मध्ये पडलीस?’ कुठल्याही घरातल्या मोठ्या माणसाच्या मनात येईल असाच हा विचार आहे, आणि लेखिकेनं तो लपवला नाही.

रेइला मदत करायची असते, पण कशी ते कळत नाही. तो पैशांचा हिशेब मांडतो. शाळा बदलायची वेळ आली तर किती लागतील? त्याचे शिक्षक सांगतात, आधी तिला विचार, तिला काय हवं आहे. मग ओसाकातला सामना जिंकल्याबरोबर तो पोटदुखीचं औषध घेऊन क्योटोला धावतो, कारण शाळेच्या सहलीला गेलेली हिना तिथे एकटी असणार. कामो नदीच्या काठी ती त्याला सापडते. तो कसलाही उपाय सुचवत नाही. तो आला, हेच तिला पुरतं. मदत करणाऱ्यालाही पुढची वाट दिसत नसते, हे इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही. छळ करणाऱ्या मुलीला एका भाषणात पश्चात्ताप होत नाही. चिहोलाही सावरायला वेळ लागतो, आणि मालिका तिला तो वेळ देते.

शिमादाबद्दलही बोलायचं आहे, थोडक्यात. यामागाताच्या खेड्यातून आलेला, पोटदुखीनं पिळवटून निघणारा हा खेळाडू. गावातले म्हातारे त्याच्या पाठीशी. किताबाच्या लढतीत तो सलग चार डाव हरतो. शेवटच्या डावात जिंकायची वाट शिल्लक असते, ती त्याला दिसत नाही. मला तो रेइइतकाच आवडतो.

पहिले काही भाग संथ वाटतील, त्यांना घाई करू नका. शक्यतो जपानी आवाज ठेवा आणि सबटायटल लावा. घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर दुसरं पर्व त्याच्यासोबत बसून बघा. आणि मध्येच ते बोलू लागलं, तर मालिका थांबवून त्याचं ऐका.