पिवळा बावटा, ओल्या नोटा

श्रोतेहो, नमस्कार. आज जाऊ या कॅरिबियन समुद्रात, ब्रिटिश व्हर्जिन बेटांतल्या योस्ट व्हॅन डाइकवर. वस्ती जेमतेम ३००.

परदेशातून शिडाची बोट ग्रेट हार्बरमध्ये आली की नांगर टाकते आणि पिवळा बावटा चढवते. म्हणजे कागदपत्रं अजून व्हायची आहेत, बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. कप्तान छोट्या होडीने किनाऱ्यावर जातो, कस्टम्सच्या कचेरीत शिक्के मारून घेतो आणि परत येऊन बावटा उतरवतो. मग सगळे निघतात ते थेट फॉक्सीच्या बारकडे.

फॉक्सी म्हणजे फिलिसियानो कॉलवूड, याच बेटाचा मुलगा. १९६८ साली एका सणापुरतं वाळूत लाकडी खोपटं उभं केलं आणि ते कायमचं झालं. पुढे त्याची बायको टेसाही या धंद्यात उतरली. ती मूळची ऑस्ट्रेलियाची. खरी करामत मात्र फॉक्सीच्या गिटारची. अनवाणी बसून तो पाहुण्याला विचारणार, कुठून आलात? उत्तर मिळालं की त्या गावावर, त्या माणसावर तिथल्या तिथे कॅलिप्सो, म्हणजे कॅरिबियन ढंगाचं गाणं, रचून त्याची फिरकी घेणार. महिनाभर समुद्रात काढून आलेल्या माणसाला, मला वाटतं, याहून मोठा पाहुणचार नसावा. निघताना खलाशी आपल्या बोटीचा झेंडा नाहीतर टी-शर्ट छताला टांगून जातात. १९७४ पासून इथे लाकडी बोटींच्या शर्यतीही होत आल्या आहेत.

६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळाने बेटाची दैना केली. फॉक्सीच्या बारलाही तडाखा बसला, पण तो पुन्हा सुरू झाला.

शेजारच्या व्हाइट बेमध्ये आणखी एक बार आहे, सॉगी डॉलर, म्हणजे भिजका डॉलर. तिथे बोट लावायला धक्काच नव्हता, म्हणून खलाशी पोहत यायचे आणि खिशातल्या भिजक्या नोटांनी बिल भागवायचे. नाव पडलं ते त्यावरूनच. इथलं नावाजलेलं पेय म्हणजे पेनकिलर: अननसाचा रस चार भाग, संत्र्याचा एक, गोड घट्ट नारळाचं दूध एक, आणि गडद रम. रमचं माप काही मी रेडिओवरून सांगणार नाही! बाकी सगळं मात्र कोकणातल्या माणसाला परसातून नाहीतर बाजारातून सहज मिळेल. रम वगळा, भरपूर बर्फ घाला, आणि वरून जायफळ किसा. जायफळाची तयार पूड नको हं, ताजंच किसा. नमस्कार.