तांब्या-पितळेच्या गल्लीतील भेट

श्रोतेहो, नमस्कार. इंदुरात पाहुणा आला की आपण त्याला रात्री सराफ्यात नेतो, गराडू आणि भुट्ट्याचा कीस आग्रहाने खाऊ घालतो. पण या सराफ्याजवळच्या तांब्या-पितळेच्या दुकानांच्या गल्लीत दोन चित्रकारांची गाठ पडली होती, हे त्याला कोणी सांगत नाही. त्यांपैकी थोरले नारायण श्रीधर बेंद्रे. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदुरातच झाला. द. दा. देवळालीकर यांनी १९२७ मध्ये येथे सुरू केलेल्या चित्रशाळेत ते शिकले आणि पुढे मुंबईची पदविकाही त्यांनी मिळवली. एवढे सांगून मी त्या गल्लीकडे वळतो.

मकबूल नावाच्या मुलाला व्यापार कळावा म्हणून वडिलांनी काकांच्या दुकानात बसवले होते. हिशेबाकडे लक्ष देण्याऐवजी तो समोरून जाणारा हमाल, पठाण, बुरख्यातील बाई असे जे दिसेल ते कागदावर उतरवी. तेलरंगांच्या नळ्यांसाठी त्याने शाळेची पुस्तकेसुद्धा विकली होती. असा हा मुलगा एकदा सराफ्याजवळ, होय, त्याच तांब्या-पितळेच्या गल्लीत, निसर्गचित्र काढत असताना त्याला तेथेच प्रत्यक्ष दृश्य पाहून रंगवणारे बेंद्रे दिसले. ते रंगीत कागदावर अपारदर्शक जलरंगात काम करीत होते आणि ती पद्धत मुलाला इतकी भावली की पुढे तो वारंवार त्यांच्याबरोबर चित्रे काढायला जाऊ लागला. बेंद्रे त्याच्याहून पाचच वर्षांनी मोठे होते, आणि या सोबतीला शिकवणी म्हणावे असे तिच्यात काहीही नव्हते. दोघे शेजारी बसून आपापले चित्र काढीत, इतकेच. (आपल्याकडे परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात, त्याविषयी माझे मत कडू आहे, ते मी येथे आवरतो.)

एके दिवशी मकबूलने बेंद्र्यांना घरी नेले. त्यांनी मुलाच्या कामाविषयी वडिलांशी बोलणे केले आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांनी मुंबईहून विन्सर न्यूटनच्या तेलरंगांच्या नळ्या आणि कॅनव्हास मागवला. ज्या वडिलांनी मुलाला दुकानात बसवले, त्याच वडिलांनी रंग मागवले! हा मकबूल म्हणजे मकबूल फिदा हुसेन, आणि हा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत सांगितला आहे.

त्याच सुमारास बेंद्र्यांनी आपल्या धाकट्या भावाला पठाणाच्या वेशात बसवून 'व्हॅगाबाँड' हे चित्र केले आणि त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले. पुढे काश्मीर, शांतिनिकेतन आणि अमेरिका असा प्रवास करून १९५० मध्ये ते बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाचे प्रमुख झाले, आणि १९५९ मध्ये ललित कला शाखेचे अधिष्ठाता. ज्या बडोद्याला हुसेन शाळेसाठी गेले होते, तेथेच बेंद्रे शिकवायला गेले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख ही त्यांच्या हाताखालची मंडळी. पण या तिघांची चित्रे शेजारी ठेवली, तर ती एका गुरूच्या शिष्यांची आहेत असे कोणालाही वाटणार नाही. बेंद्र्यांना स्वतःची एक शैली नाही असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही, कारण शिक्षकाची शैली ठरून गेली की विद्यार्थी तीच गिरवू लागतात.

१९६६ मध्ये त्यांनी बडोदा सोडले. त्यानंतर मुंबईत, पंचावन्न उलटल्यावर, या गृहस्थाने पुन्हा नव्याने आरंभ केला आणि शेजारीशेजारी रंगांचे बारीक ठिपके मांडून तो खेड्यातील बायका रंगवू लागला.