रिसायकलिंग आपल्या गल्लीत आधीच चालू आहे

नमस्कार मंडळी. व्यापारी संघाने आणि आजूबाजूच्या सोसायट्यांनी मिळून बोलावलंत, मला फार बरं वाटलं, कारण एरवी कचऱ्याचा विषय निघाला की सोसायटीवाले दुकानदारांकडे बोट दाखवतात आणि दुकानदार म्हणतात गिऱ्हाईकच पिशवी मागतं, आम्ही काय करणार. आज दोघंही एका हॉलमध्ये बसलेत, त्यामुळे थेटच बोलते.

मला एकच गोष्ट सांगायचीये. रिसायकलिंग आपल्याकडे कुठून नव्याने आणायचं नाहीये, ते रोज सकाळी सहापासून आपल्या गल्लीत चालू आहे, आणि ते चालवतात कचरा वेचणाऱ्या बायका आणि भंगारची दुकानं. आता आपण सोसायटीत किंवा दुकानात 'पर्यावरणपूरक' म्हणून जे काही करू, त्याने या माणसांचं काम सोपं होतंय का अवघड होतंय, एवढंच तपासायचं. सोपं होत असेल तर तो माल खरंच परत वापरात जाणार. नसेल तर दाराबाहेर हिरवा बोर्ड लावून काही होत नाही.

पुण्यात हे कसं उभं राहिलं ते थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे महापालिकेने सुरू केलं. तसं नाहीये. 1990च्या आसपास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या. अक्षरओळख शिकवायला गेल्या आणि लक्षात आलं की या बायकांचा पहिला प्रश्न अक्षरांचा नाहीच, कचऱ्याच्या पेटीत वाकून, कुत्र्यांशी भांडत, सडक्या अन्नातून कागद-बाटली काढावी लागते हा आहे. तोच माल घरातून वेगळा मिळाला तर? 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली, पुढे महापालिकेने बायकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि त्याच संघटनेतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली, जिने 2008 मध्ये पुणे महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करायचं काम घेतलं. ज्या बाईला लोक चोर समजून हाकलायचे तीच आता कोट घालून बेल वाजवते आणि तिला आपण दार उघडतो. हा बदल मला कुठल्याही मशिनपेक्षा मोठा वाटतो, आणि आपल्या गावात काही करायचं तर पाया हाच धरावा असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता तुम्ही दिलेल्या सुक्या कचऱ्याचं पुढे काय होतं ते बघा. सॉर्टिंग शेडमध्ये तुम्ही कधी गेला असाल तर माहिती असेल, तिथे जमिनीवर ढीग ओततात आणि भोवती बायका बसतात, आणि हात इतके भराभर चालतात की आपल्याला कळतच नाही काय कुठल्या पोत्यात गेलं. एका मावशींना मी विचारलं होतं, या दोन पिशव्या तर सारख्याच दिसतात, वेगळ्या का टाकल्या, तर त्यांनी दोन्ही पिशव्या माझ्या कानाशी चुरगळून दाखवल्या. एक कुरकुर वाजते, दुसरी मऊ, आवाज न करता दबते. वाजणारी वेगळी, मऊ वेगळी, दोन्हीचं प्लॅस्टिक वेगळं, वितळायचं तापमान वेगळं, आणि मिसळली तर पुढच्या कारखान्यात वितळवून जो प्लॅस्टिकचा दाणा करतात तो खराब होतो आणि भाव पडतो. पॉलिमरची नावं त्यांना कुणी शिकवली नाहीत पण कुठलं प्लॅस्टिक कुठलं हे त्यांना हाताने आणि कानाने कळतं. शेडमधून माल जातो भंगारच्या दुकानात, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे, मग धुणं, तुकडे करणं, वितळवून दाणा करणं, ही कामं जिथे होतात तिथे. मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये हे सगळं एकाच वस्तीत बघायला मिळतं. पुठ्ठा जातो पेपर मिलला, वापीकडच्या मिल रद्दीवरच चालतात. ॲल्युमिनियमला भाव चांगला का असतो, तर खनिजापासून नवीन करण्यापेक्षा जुनं वितळवायला जवळजवळ 95 टक्के वीज कमी लागते.

आणि या साखळीत पहिलं काम जिचं आहे, त्या कचरा वेचणाऱ्या बाईला मिळतं सगळ्यात कमी, हेही लक्षात ठेवा. शिवाय भाव तिच्या हातात नाही. कच्चं तेल स्वस्त झालं की नवीन प्लॅस्टिक स्वस्त होतं आणि कारखानदार म्हणतो मग जुना दाणा कशाला घेऊ, की लगेच गल्लीतल्या पोत्याचा भाव पडतो. 2014च्या शेवटी हे झालं, 2020ला लॉकडाऊनमध्ये परत झालं. म्हणून दर घरामागे तिला जे महिन्याचे पैसे द्यायचे असतात ते देताना कृपा करून घासाघीस करू नका, भंगारातून मिळतं ना तुम्हाला असं म्हणू नका. ते पैसे घरी येऊन कचरा नेण्याचे आहेत, भंगाराची कमाई वेगळी आणि ती कधी किती होईल याचा भरवसा नाही.

घरात काय करायचं यावर फार वेळ घेत नाही, ओला-सुका वेगळा करायचा हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण वेगळा म्हणजे कसा ते महत्त्वाचं. दुधाची पिशवी घ्या. ती मऊ प्लॅस्टिकची, तिला भाव येतो, पण न धुता टाकली तर दोन दिवसांत असा वास सुटतो की तिला हात लावायची इच्छा होत नाही, आणि ती पूर्ण पोत्याला वास लावते. पाण्याने खळबळून, उलटी टाकून वाळवा, बास. आणि कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो चिमूटभर तुकडा कुणीच वेचू शकत नाही, तो थेट गटारात जातो. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, पुण्यात 'स्वच्छ'ने हीच मोहीम चालवली, कारण उघडं पॅड हाताने वेगळं करणारी बाई तुमच्या-आमच्यासारखीच आहे. 2016च्या घनकचऱ्याच्या नियमात कंपन्यांनी पॅडबरोबर गुंडाळायला पाकीट द्यावं असंही लिहिलं होतं, त्याच्याही आधी पुण्याच्या या बायकांनी वापरलेले पॅड कंपन्यांना पाठवून दिले होते, की बघा, आम्ही रोज हे हाताळतो. मला त्यांच्या हिमतीचं फार कौतुक वाटतं.

आणि ओला कचरा वेगळा का, तर तो सुक्यात गेला की पुठ्ठा मेला, आणि डेपोत गेला की त्यातून मिथेन तयार होतो आणि ढीग पेटतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईत देवनारच्या कचरा डेपोला लागलेली आग आठवत असेल, धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता. पुण्याच्या डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या किती वेळा अडवल्या, त्यांच्या विहिरींचं पाणी गेलं, त्यांचं काय चुकलं होतं?

आता दुकानदारांकडे येते, कारण आज खरं मला तुमच्याशीच बोलायचंय.

आपल्याकडे झीरो पॅकिंगचा धंदा नवीन आहे असं समजू नका. पिठाची गिरणी बघा. गिऱ्हाईक स्वतःचा डबा आणतं, डब्यावर नाव नसलं तरी गिरणीवाल्याला कुणाचा कुठला ते माहिती असतं, दळण त्याच डब्यात परत. तेलाच्या घाण्यावर लोक अजून किटली घेऊन जातात. बोहारीण जुन्या साड्या घेऊन भांडं देते, त्यातलं चांगलं कापड दुरुस्त होऊन परत विकलं जातं आणि सुती चिंध्या वर्कशॉपमध्ये पुसायला जातात. लग्नाला भांडी भाड्याने देणारा मंडपवाला आहे. हे सगळे पर्यावरणपूरक स्थानिक व्यवसायच आहेत, आणि माझं तर म्हणणं आहे की व्यापारी संघाने पुरस्कार द्यायचाच असेल तर पहिला गिरणीवाल्याला आणि दुसरा भंगारवाल्याला द्या.

किराणावाल्यांसाठी एक साधी गोष्ट. तुमच्याकडे पुठ्ठ्याची खोकी रोज निघतात. पावसाळ्यात ती बाहेर फुटपाथवर टाकली की भिजतात आणि भंगारवाला ओलाव्याचं वजन कापून घेतो, म्हणजे पैसे कमी आणि फार भिजला तर घेतच नाही. तेच आत कोरड्यात, मोडून, एकावर एक ठेवलं तर खोकी न्यायला येणाऱ्या बाईचा अर्धा तास वाचतो. खर्च काही नाही.

हॉटेल आणि फरसाणवाल्यांनो, तळणीच्या तेलाचं बघा. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे 1 जुलै 2018 पासून तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणारे वाईट घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. मग अशा तेलाचं करायचं काय? बऱ्याच ठिकाणी ते रात्री छोट्या गाडीवाल्याला स्वस्तात विकलं जातं, म्हणजे तेच खराब तेल गरीब माणसाच्या पोटात, किंवा मोरीत ओतलं जातं आणि ड्रेनेज तुंबतं. हे तेल बायोडिझेलसाठी रीतसर विकत घेणारे आहेत, एफएसएसएआयचा रुको नावाचा कार्यक्रमच त्यासाठी आहे. एकट्या हॉटेलाचं तेल न्यायला कुणी गाडी पाठवणार नाही, पण आख्ख्या रस्त्याने मिळून एक ड्रम भरला तर पाठवतील. संघ कशासाठी असतो, अशाच कामासाठी ना.

पार्सलच्या डब्यांवर मात्र सांभाळून बोलायला लागतं, कारण इथे चांगल्या मनाने खर्च करणारे दुकानदारच फसतात. पेपर कप कागदाचा वाटतो पण आतून प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे तो साध्या रद्दीत जात नाही. 'कंपोस्टेबल' पिशवी महाग घेतात बिचारे, दिसायला हुबेहूब प्लॅस्टिक, गिऱ्हाईक ती सुक्यात टाकतं, ती चांगल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळते आणि पुढचा माल बिघडवते, आणि घरच्या कुंडीत ती कुजतही नाही कारण तिला मोठ्या प्लांटमधली उष्णता लागते. त्यापेक्षा उसाच्या चोयट्याच्या प्लेट बऱ्या, त्या ओल्यात टाकता येतात. सगळ्यात बरं म्हणजे डबा घेऊन येणाऱ्याला चार-पाच रुपये कमी लावा आणि ते काउंटरवर लिहून ठेवा, नुसतं मनात ठेवलं तर कुणी डबा आणत नाही.

बंदीचंही थोडं बोलते. आपल्याकडे मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा दूध पिशवी परत घेताना 50 पैसे द्यायचे असंही ठरलं होतं. कल्पना चांगली होती, पण पिशवी परत घ्यायची कुणी, ठेवायची कुठे, हे रस्त्यावरच्या माणसांना धरून ठरवलंच नाही, त्यामुळे ती योजना डेअरीच्या काउंटरवर कधी दिसलीच नाही. पुढे 1 जुलै 2022 पासून देशभर स्ट्रॉ, कप, प्लेट वगैरे बंद झालं, आणि 31 डिसेंबर 2022 पासून पिशवीची जाडी निदान 120 मायक्रॉन हवी असं झालं. कायदा हवाच, मी त्याच्या बाजूची आहे. पण छाप्याच्या भीतीने चार दिवस पिशवी लपवायची आणि पाचव्या दिवशी परत काढायची यात कुणाचंच भलं नाही.

गणपतीचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पुण्यात एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी पीओपीच्या मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला, बादलीत पाणी आणि ती पावडर घालून मूर्ती ठेवायची, हळूहळू ती विरघळते, खाली चुन्यासारखा गाळ उरतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, जे खत म्हणून वापरता येतं. महापालिकेने ती पावडर लोकांना वाटली. पण मला त्याहून आवडतं ते शाडूचं काम. शाडू पाण्यात विरघळली की माती परत माती होते, ती गोळा करून मूर्तिकारांना परत द्यायची मोहीम पुण्यात चालते. निर्माल्य गोळा करायला विसर्जनाच्या दिवशी घाटावर कचरावेचक बायकाच उभ्या असतात. आपल्या मूर्तिकारांशी आणि मंडळांशी आत्ताच बोललात तर पुढच्या गणपतीला माती परत घ्यायची टाकी आपल्या चौकात ठेवता येईल.

छोट्या गावात हे होत नाही असं कुणी म्हणालं तर वेंगुर्ल्याला जाऊन या. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना नगरपालिकेने डम्पिंग ग्राउंडचंच रूप पालटलं, कचरा बारीक वर्गीकरण करून घ्यायला लागले, ओल्यापासून बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, आणि जिथे नाक धरून जायचे तिथे लोक बघायला यायला लागले. अधिकारी चांगला मिळाला हे खरंच, पण घराघरातून माल वेगळा आला नसता तर त्यांना हे जमलं नसतं.

एक चिठ्ठी आलीये, वेफर्सच्या पाकिटांचं काय. खरं उत्तर देते. त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर चिकटवलेले असतात, वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवाला घेत नाही. बहुतेक सिमेंटच्या भट्टीत जळायला जातात, तेही कुणी गोळा केलं तर. जबाबदारी कायद्याने कंपन्यांवर आहे, 2016च्या प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमात आहे, 2022 मध्ये ती आणखी बारकाईने लिहिली. पण गोळा करायची मजुरी अजून बहुतेक ठिकाणी त्या बाईलाच अंगावर घ्यावी लागते. म्हणून संघाला माझी विनंती आहे, तुमच्याकडे या कंपन्यांचे सेल्समन दर आठवड्याला येतात, त्यांना विचारा की आमच्या रस्त्यावरची पाकिटं गोळा करायला तुम्ही पैसे किती देणार आणि कुणाला देणार. मी एकटी विचारून ते ऐकणार नाहीत, पण माल ठेवणारे शंभर दुकानदार विचारायला लागले तर त्यांना वरती कळवावंच लागेल. पुढच्या मीटिंगला शेडमधल्या दोघी-तिघींना बोलवा, कुठला माल त्यांच्याकडे पडून राहतो ते त्या सांगतील, त्याचीच यादी करून सेल्समनच्या हातात द्या. बाकीचे प्रश्न घेऊया आता, मागे हात वर आहे, बोला काका.