वाट चुकणं हेही विसरणंच

मंडळी, स्मरणशक्तीचा विषय निघाला की आपण नावं, तारखा, पाढे यांच्याबद्दल बोलतो. मी आज रस्त्यांबद्दल बोलणार आहे. काल दुपारी काय जेवलो हे आठवणं आणि आपल्या बेळगावात खडेबाजारातून कपिलेश्वराच्या देवळाकडं कसं जायचं हे कळणं, ही आपल्याला दोन वेगळी कामं वाटतात. मेंदूत मात्र ती बरीचशी एकाच ठिकाणी चालतात. कानाच्या पातळीवर, पण बरंच आत, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, तिथं.

हे कळलं एका माणसाच्या नुकसानीतून. अमेरिकेत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला फार फिट्स यायच्या. १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या सर्जननी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली, पण नवं काही मनात टिकेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज हात सुधारत गेला आणि रोज तो म्हणायचा, हे मी कधी केलेलंच नाही. हाताचं शिकणं मेंदूत दुसरीकडं होतं, हे तिथं उघड झालं. हाच हेन्री ऑपरेशननंतर ज्या घरात राहायला गेला, त्या घराचा नकाशा मात्र त्यानं पुढं बरोबर काढून दाखवला. वर्षानुवर्षं त्याच खोल्यांतून फिरून, आजूबाजूच्या उरलेल्या भागानं ते हळूहळू मुरवलं असावं. म्हणून 'हिप्पोकॅम्पस गेला, सगळं गेलं' असं सरसकट कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही.

हाताची आठवण आणि वाटेची आठवण यांतला हा फरक आपल्याकडंही दिसतो. माझ्याकडं वडगावचे एक गृहस्थ आले होते, जन्म मागावर गेलेला. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तुटलेला धागा बाबा अजून माझ्याआधी सांधतात बघा. पण परवा नाथ पै सर्कलपाशी उभे राहिले आणि घर कुठल्या बाजूला तेच त्यांना सुचेना." मी म्हटलं, "काका, घरी कसं जाणार, सांगा की." वाटेवरची दुकानं त्यांनी ओळीनं सांगितली. मग मी डोळे मिटायला लावले आणि वडगाव कुठं ते बोटानं दाखवा म्हटलं. बोट गेलं कॅम्पाकडं, म्हणजे भलत्याच बाजूला. खुणा होत्या, दिशा हरवली होती.

दिशेचं हे प्रकरण मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या: उंदीर ठरावीक ठिकाणी आला की एक पेशी जागी होते, तिथून हलला की गप्प. २००५ साली नॉर्वेत मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये षट्कोनी जाळीसारखं अंतर मोजणाऱ्या पेशी मिळाल्या. २०१४चं नोबेल या तिघांचं. पण त्याआधीच, १९८४ साली, जेम्स रँक यांनी तिसरीच जात दाखवली होती. उंदराचं डोकं एका विशिष्ट दिशेला वळलं की या पेशी चालू होतात, मग तो खोलीत कुठंही असो. अंधारातही त्या काही वेळ दिशा धरून ठेवतात, कारण आतल्या कानातून, डोकं किती वळलं ही खबर येत राहते. ती खबर मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढ्या दोन गोळ्यांतून, म्हणजे मॅमिलरी बॉडीजमधून, थॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या मधोमध खबरा पुढं पोचवणाऱ्या भागाच्या, पुढच्या टोकाकडं जाते.

हीच वाट १९३७ साली जेम्स पेपेझ यांनी भावनांचं वर्तुळ म्हणून मांडली होती. पुढं ती आठवणींसाठी जास्त महत्त्वाची ठरली. पुरावा दारूच्या व्यसनातून आला. रशियन डॉक्टर सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ साली असे रुग्ण वर्णन केले, की ज्यांना घडून गेलेलं आठवत नाही आणि ते मोकळी जागा घडलंच नाही अशा गोष्टींनी, अगदी मनापासून, भरून काढतात. या रुग्णांच्या मेंदूत मॅमिलरी बॉडीज आकसलेल्या असतात, पुढच्या थॅलॅमसच्या पेशी गळलेल्या असतात. कारण जीवनसत्त्व बी-१ची उपासमार. शरीरातला त्याचा साठा काही आठवडेच पुरतो. नुसती दारू आणि जेवण नाही, किंवा गरोदरपणात दिवसेंदिवस उलट्या, कुठल्याही कारणानं हे होऊ शकतं. आपल्याकडं माणूस गळाला की आधी 'सलाईन लावा' म्हणतात. अशा रुग्णाला बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूचं नुकसान वाढू शकतं. दारूची सवय असेल तर घरच्यांनी ती लपवू नये, लाज वाटली तरी डॉक्टरांना स्पष्ट सांगावी.

अल्झायमरमध्ये सुरुवातीची पडझड बहुधा एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये होते, म्हणून ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं हे लवकर दिसणाऱ्या लक्षणांपैकी आहे. 'वय झालं' म्हणून ते सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. दवाखान्यात नेताना 'विसरतात' एवढंच सांगू नका. कुठल्या वळणावर थांबले, खुणा सांगता आल्या का, दिशा आली का, आणि हे वर्षभरात वाढलं की चार दिवसांत, ते सांगा. चार दिवसांतलं असेल तर त्याच दिवशी न्या. पडून डोक्यात साचलेलं रक्तही असंच गोंधळवतं आणि ते काढता येतं. बी-१२ची कमतरता आणि थायरॉईड यांनीही विसरायला होतं; त्यांच्या तपासण्या रक्तावर होतात, त्या पहिल्यांदा करून घ्या.