आठच्या गोळ्या

[पहाट. फोंडा तालुक्यातला एक वृद्धाश्रम. स्वयंपाकघरात अजून दिवा लागलेला नाही.]

दिवसाची पहिली गोळी थायरॉईडची. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही. चहासुद्धा नाही. म्हाताऱ्या माणसांना डोळे उघडले की चहा हवा असतो, म्हणून ही गोळी चहाचं आधण चढण्याआधी द्यावी लागते. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती चार तासांनी. एकत्र दिल्या तर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही.

[आठ वाजले. औषधांची ट्रॉली, तिच्यावर प्रत्येकाच्या औषधांच्या तक्त्यांची फाईल.]

आठची फेरी मोठी. तोंडपाठ असलं तरी तक्ता समोर उघडा हवाच. एका वेळी एकाच माणसाची वाटी भरायची. सगळ्या वाट्या आधीच भरून ताटात मांडल्या तर काम लवकर उरकतं, पण मध्येच कुणी हाक मारली, ताट फिरलं, की कुठली वाटी कुणाची ते सांगता येत नाही.

“नाईक आजी ना तुम्ही?” असं विचारू नये. कमी ऐकू येणारी आजी कशालाही हो म्हणते. “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू,” असं विचारायचं. नाईक, गावकर, फर्नांडिस ही आडनावं गोव्यात एकाच खोलीत दोनदा निघतात. ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, त्यांच्या तक्त्यावर फोटो हवा.

पाकीट तीनदा वाचायचं: डब्यातून काढताना, गोळी पाकिटातून फोडून काढताना, परत ठेवताना. कात्रीने कापलेल्या पाकिटावर कधी नाव उरत नाही, कधी मुदतीची तारीख. असा तुकडा वापरू नये. पावसाळ्यात गोळ्या आधीच सोलून डबीत भरून ठेवू नयेत, दमट हवेने त्या मऊ पडतात.

घोळ बऱ्याचदा ट्रॉलीच्या आधीच झालेला असतो. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत, प्रेशरसाठी अॅम्लोडिपिन लिहून मिळते. घराजवळच्या डॉक्टरांची अॅम्लोडिपिन आधीपासून चालू असते, फक्त कंपनीचं नाव वेगळं. दोन्ही पाकिटं डब्यात येतात, आजी दुप्पट डोस घेते आणि रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊन पडते. म्हणून तक्त्यावर कंपनीचं नाव नाही, घटकाचं नाव लिहायचं. माणूस हॉस्पिटलमधून परत आला की तक्ता नवा करायचा. जुन्यात खाडाखोड नको. बंद झालेलं औषध त्याच दिवशी डब्याबाहेर काढायचं.

सांधेवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. रोज गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. तक्त्यावर तिचा वार मोठ्या अक्षरांत लिहून उरलेल्या सहा चौकटींवर काट मारलेली बरी.

[जवळून: दोन सिरिंज. एकीला लाल टोपण, एकीला नारिंगी.]

आता इन्सुलिन. इथे घाई अजिबात चालत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. तिची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन पेनच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनात बसणाऱ्या औषधाच्या नळीत, १०० युनिट. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेषेपर्यंत औषध ओढलं, तर २० नाही, ५० युनिट जातात. उलट, ४० च्या बाटलीला १०० साठीची नारिंगी टोपणाची सिरिंज लावली तर २० च्या जागी फक्त ८. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावायचा.

मुळातच गढूळ दिसणारं इन्सुलिन जोरात हलवायचं नाही, तळव्यांत हळूहळू फिरवायचं. नाश्ता तयार आहे, आणि आजी तो खाणार आहे, हे कळल्याशिवाय सुई टोचायची नाही. एकादशीचा उपास असेल तर डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारायचं. शुगरच्या गोळ्यांनाही हेच लागू. घाम, थरथर, भलतंसलतं बोलणं दिसलं की शुगर तपासायची. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन.

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं.

[दुपार. पेजेची वाटी.]

गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून पेजेत कालवणं सोपं वाटतं. पण नावापुढे एसआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरं असलेली गोळी कुटली की दिवसभर पुरणारं औषध एकदम अंगात जातं. अशा वेळी पातळ औषध आहे का ते डॉक्टरांना विचारावं. आणि कुटायला चालणारी असली, तरी सबंध वाटीत घातली आणि अर्धी पेज उरली, तर नेमका किती डोस गेला? चमचाभर पेजेतच द्यावी, माणसाला ताठ बसवून. चोरून देणं तर डॉक्टर आणि घरच्यांशी बोलल्याशिवाय नाहीच.

तक्त्यावर सही करायची ती गोळी गिळल्यावर. गालात दडवलेली गोळी संध्याकाळी उशीखाली सापडते. नको म्हटलं तर चौकटीत गोल आणि कारण. राहून गेलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करायचा नाही.

आणि चुकून दुसऱ्याची गोळी गेलीच तर? उलटी काढायला लावू नये. पाकीट हातात ठेवून लगेच डॉक्टरांना फोन: कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता. नाडी, प्रेशर, शुगर पाहून लिहून ठेवायची, घरच्यांना कळवायचं. मग वहीत नोंद. त्या वहीत कुणाची चूक असा रकाना नको, नाहीतर पुढची चूक लपवली जाते. ट्रॉली कुठे होती, मध्ये फोन कुणाचा वाजला, दोन सारखी पाकिटं शेजारी होती का, हे लिहायचं. शेजारी होती असं निघालं, तर डबे त्याच दिवशी हलवायचे.